घोटनानांची चार पिंपं

प्रिय ईरा आणि नील,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला आवरलेलं स्वयंपाकघर दाखवत होते. ओट्याच्या कोपऱ्यातली काचेची बरणी दिसली आणि नील, तू ओरडलास, "आजी, त्यात काहीतरी मेलंय! फेकून दे!" ईरालाही ते पटलं. तुमची आई म्हणाली, नव्या घरात जाताना निदान एवढं तरी सामान कमी कर. तुम्हाला माहीतच आहे, उस्मानपुऱ्यातलं हे घर सोडून मी पुढच्या महिन्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जाते आहे. घरातल्या प्रत्येक वस्तूवर मी चिठ्ठी लावली आहे : न्यायची, द्यायची, टाकायची. त्या बरणीवर कोणती चिठ्ठी लावायची, याचा मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. पण तो का करावा लागला नाही, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं आणि ते फोनवर सांगून होणार नाही. म्हणून लिहिते. ईरा, हे आईकडून वाचून घेऊ नकोस. स्वतः वाच, हळूहळू वाच.

बरणी मला ज्यांच्या घरून मिळाली त्यांना सगळे घोटनाना म्हणत. वैजापूरच्या रस्त्याला, शहरापासून बसने तासाभरावर त्यांची द्राक्षबाग होती. बागेच्या कडेला एक दगडी गोदाम होतं आणि त्यात ते स्वतःच्या द्राक्षांची लाल वाईन करत. आलेल्या माणसाला गोदामात नेऊन लहानशा पेल्यात ते एक घोट देत. एकच. त्याने दुसरा मागितला की कोपऱ्यातल्या माठातलं पाणी त्याच पेल्यात ओतून पुढे करत. "पयला घोट चवीचा. दुसरा तहानेचा. तहानेला पाणी हाय." मोठा अधिकारी असो की जवळचा नातलग, या नियमात फरक नव्हता. एकदा नानींचे सख्खे भाऊ आले होते, वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचे आडते. हातातला पाण्याचा पेला बघून ते म्हणाले, "दाजी, बहीण दिली तुमाला, अन् तुमी मला पाणी पाजायलात?"

"बहीण एकच दिली ना?" नाना म्हणाले. "मग घोट बी एकच."

वर्षाला त्यांची चार पिंपं भरत. ओक लाकडाची, आडवी ठेवलेली, पोटावर भोक आणि भोकात लाकडी बूच. पाचवं पिंप घ्या, माल तर हातोहात जातो, असं त्यांना पुष्कळांनी सांगितलं. नानांचं उत्तर ठरलेलं होतं. "चार लेकरांना एका बापाची नजर पुरती. पाचवं पोरकं वाढतंय." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे जे झालं त्याला हेही थोडं कारणीभूत आहे.

माझी त्यांची ओळख तुमच्या आजोबांमुळे झाली. आजोबा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. द्राक्षाच्या पानावर कसले तरी डाग पडले म्हणून नाना ती पानं वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या घरी घेऊन आले होते. चहा पिताना त्यांना कळलं की मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. पेला खाली ठेवून ते म्हणाले, "मॅडम, मला बाटलीवर इंग्रजी लिहायचं हाय. इंग्रजी पायजे, पण खोटं नको."

मी चार-पाच परदेशी लेबलं वाचली आणि त्यांच्यासारखं झोकदार काहीतरी लिहून ठेवलं. त्यात ब्लॅकबेरी होती, देवदार होता. आठवड्याने नाना आले. मी मराठीत अर्थ सांगत गेले, ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"ही काळी बेरी कुठं ऱ्हाती?"

"इंग्लंडमध्ये. थंड प्रदेशात."

"मी तर नाय खाल्ली. तुमी खाल्ली का?"

मीही खाल्ली नव्हती. तेव्हा ते अगदी शांतपणे म्हणाले, "मग आपण दोघं बी खोटं बोलायलो."

मी आयुष्यभर मुलींच्या निबंधांतली पोकळ वाक्यं लाल शाईने खोडली होती. माझं वाक्य असं कोणी खोडलं नव्हतं. त्यानंतर नानांनी मला गोदामात बोलावलं आणि पन्नाशी ओलांडल्यावर मी वाईनचा पहिला घोट घेतला. तो तोंडात धरून आम्ही दोघांनी ठरवलं, कशाची चव लागते. पिकलेलं जांभूळ. भाजलेला चिंचोका. आणि नव्या माठातलं पहिल्या दिवसाचं पाणी. तेवढंच मी साध्या इंग्रजीत लिहिलं. पुढे कित्येक वर्षं त्या बाटल्यांवर तीच तीन वाक्यं होती.

नानांचं नाक हा त्या घरातला सगळ्यांत मोठा मालक होता. गोदामात जाताना गजरा बाहेर काढून ठेवायचा, केसांना वासाचं तेल नको, अत्तर नको, कांदा खाऊन आलात तर आधी पेरू खा. वारा गोदामाकडे असेल त्या दिवशी नानी लसणाची फोडणी देत नसत. नानी म्हणायच्या, "ह्यांचं नाक अन् माझे देव, ह्यांचं वर्षभर भांडण असतंय बाई. देव बिचारे ऐकून घेतेत." देवघरातसुद्धा उदबत्ती नव्हती, नुसती समई. फक्त खंडेनवमीचा दिवस नानींचा. त्या दिवशी अंगणात ट्रॅक्टर, पंप, छाटणीच्या कात्र्या मांडून त्यांची पूजा होई आणि ऊद जाळायची परवानगी असे. तीही अंगणापुरती.

त्यांची एकुलती मुलगी मुक्ता. शिकून आली आणि सरळ वडिलांच्या हाताखाली गोदामात उभी राहिली. गावात यावरून बोलणी व्हायची. एका ठिकाणाहून पाहायला आलेली मंडळी चहा पिऊन गेली आणि मागाहून निरोप आला, दारूवाल्याची पोरगी नको. नानी दोन दिवस रडल्या. मुक्ता म्हणाली, "आई, बरं झालं. त्यांच्यात एकाचं बी नाक धड नव्हतं." त्या दसऱ्याच्या आधी नानांनी गोदामाच्या किल्ल्या स्वतःच्या कमरेच्या करदोट्यातून सोडून तिच्या हातात दिल्या. मी तिथे होते. त्यांनी भाषण वगैरे काही केलं नाही. "आता पिंपं तुझी," एवढंच म्हणाले. मुक्ताने किल्ल्या ओढणीच्या टोकाला बांधल्या आणि दिवसभर मधूनमधून त्या गाठीला हात लावून बघत राहिली.

आता त्याच वर्षीच्या खंडेनवमीची गोष्ट. मी आणि आजोबा सकाळच्या बसने गेलो होतो. मुक्ताने वाईन स्टीलच्या टाकीत काढून घेतली होती, तळाचा गाळ टाकून पिंपं गरम पाण्याने धुतली होती आणि ती निथळावीत म्हणून बुचं काढून ठेवली होती. पूजा झाली की पूजलेल्या पंपाचं पहिलं काम म्हणजे संध्याकाळी पिंपं पुन्हा भरणं, अशी त्या घरची रीत. अंगणात पूजा झाली, ऊदाचा धूर झाला, सगळे हातपाय धुऊन जेवायला बसायला गेले. मी मागे राहिले होते. गोदामाचं दार ओढून घेतलेलं होतं, कुलूप नव्हतं. मी आत डोकावले. चार स्वच्छ, रिकामी पिंपं.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. अर्धवट राहिलेलं काम मला बघवत नाही. ट्रॅक्टरला ऊद मिळाला, पंपाला मिळाला, कात्र्यांना मिळाला, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांना नुसतं हळदकुंकू? माझी आई नव्या माठाला, रांजणाला धुरी दिल्याशिवाय पाणी भरत नसे. न्हाऊ घातलेल्या बाळालासुद्धा धुरी देतात. आणि नाना तर पिंपांना लेकरंच म्हणत. मी अंगणातलं धुपाटणं उचललं, वर चिमूटभर ऊद टाकला आणि एकेका पिंपाच्या भोकाशी धरून व्यवस्थित, भरपूर धुरी दिली. गजरा मात्र मी आठवणीने बाहेर काढून ठेवला होता! अत्तर, तेल, फुलं म्हणजे वास. ऊद म्हणजे शुद्धी. तो वासात धरायचा असतो हे मला सुचलंसुद्धा नाही. शेवटी आत माशा जाऊ नयेत म्हणून मी चारही बुचं ठोकून बसवली, धुपाटणं जागेवर ठेवलं, हात धुतले आणि जेवायला गेले. श्रीखंड होतं. मी कोणाला काही सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

संध्याकाळी पिंपं भरली. घर, अंगण, आमचे कपडे, सगळ्यांना ऊदाचाच वास होता. नानाही हसून म्हणाले, "आज नाक सुट्टीवर हाय."

जानेवारीत चव बघायला त्यांनी आम्हाला बोलावलं. नानांनी पहिल्या पिंपातून घोट काढला, तोंडात फिरवला आणि थुंकले. मग दुसऱ्यातून, तिसऱ्यातून, चौथ्यातून. मग म्हणाले, "हे वाईन नाय. हे उरूस हाय. दर्ग्यात बसल्यावानी वाटायलं." त्यांनी पेला माझ्यापुढे केला. जांभूळ नव्हतं, चिंचोका नव्हता. ऊद होता.

"मुक्ता, पिंपं उघडी ठिवली व्हती?"

"निथळायला ठेवली होती नाना. दार ओढलेलं होतं. पण संध्याकाळी आले तर बुचं लागलेली होती. मला वाटलं तुम्हीच लावली."

"मी हात नाय लावला. बुचं काय आपोआप लागतेत? अंगणात धूर अन् तू पिंपं उघडी टाकून जेवाया गेलीस. चूक झाली तर झाली म्हण. खोटं कामून बोलायलीस?"

"मी खोटं बोलत नाही."

नानांनी हात पुढे केला. मुक्ताने ओढणीची गाठ सोडली. ती नवी होती तेव्हा सैल होती, आता घट्ट बसली होती. दातांनी सोडवावी लागली. तिने किल्ल्या वडिलांच्या हातावर ठेवल्या आणि घरात गेली. आणि मुलांनो, मी तिथेच उभी होते. मला सगळं कळलं होतं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

घरी आल्यावर मी आजोबांना सांगितलं. ते रागावले नाहीत, समजूतही काढली नाही. म्हणाले, "वैजापूरची पहिली बस सातला आहे." ती सातची बस मी चार दिवस चुकवली. एकदा डोकं दुखत होतं, एकदा कामवाली येणार होती. पाचव्या दिवशी गेले.

नाना बागेत होते. द्राक्षं भरत आली होती, ते मणी चावून बघत हिंडत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"नाना, मुक्ता खरं बोलत होती. बुचं मी लावली."

त्यांनी तोंडातला मणी सावकाश चावला. "अन् धूर?"

"तोही मीच दिला. एकेका पिंपाला, धुपाटणं भोकाशी धरून."

"कामून, मॅडम?"

"सगळ्यांना ऊद मिळाला, पिंपंच तेवढी राहिली होती. तुम्ही त्यांना लेकरं म्हणता."

"अन् बुचं?"

"माशा जातील म्हणून."

नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हसायला लागले. इतके हसले की बांधावर बसले. "मॅडम, चोर बी इतकं नीट काम करत नाय!" मलाही हसू आलं. मग एकदम ते थांबले. "चार दिस कामून लावलेत?"

"लाज वाटली."

"तुमाला चार दिस लाज वाटली. माझी पोरगी चार दिस धड जेवली नाय."

इतक्या वर्षांत ते मला कठोर म्हणून एवढंच बोलले. ते खरं होतं, म्हणून मी ते इथे लिहून ठेवते आहे.

मग उठून म्हणाले, "चला." घरी मुक्ता नानींबरोबर तूर निवडत होती. नानांनी करदोट्यातून किल्ल्या काढल्या, दोन्ही हातांवर घेतल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. सत्तरीला आलेला माणूस, गावात ज्याच्यापुढे कोणी आवाज चढवत नसे. "मुक्ताबाई, तू खरं बोललीस अन् मी ऐकलं नाय. माझ्या नाकाला धूर कळला. खरं कळलं नाय. माझं चुकलं." बापाने मुलीची अशी माफी मागितलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. आमच्या शिकलेल्या घरांतही नाही.

मी तिला काय म्हणायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं, पण मला नुसतं "मुक्ता, मी..." एवढंच म्हणता आलं. तिने मान हलवली. पण किल्ल्या उचलल्या नाहीत. म्हणाली, "त्या चार पिंपांचं काय करायचं ते मी ठरवणार. मंजूर असेल तर घेते."

"मंजूर," नाना म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात मी पुन्हा गेले होते, तेव्हा मुंबईचे एक हॉटेलवाले आले. ते दरवर्षी थोड्या बाटल्या नेत. नानांनी त्यांना झाला प्रकार सांगितला, तरी त्यांनी हट्टाने चव घेतली आणि डोळे मोठे केले. हा धुराचा वास लोकांना वेड लावेल, म्हणाले. सगळी पिंपं द्या, म्हणाले. जुनं लेबल चालेल, वर नुसता 'खास' असा शिक्का मारू. नानांनी मुक्ताकडे बोट दाखवलं. "मालकीणबाईंना इचारा."

मुक्ता म्हणाली, "लेबलवर जांभूळ लिहिलंय, आत ऊद आहे. नाही विकायची. आणि पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा धूर मागणार. दरवर्षी मॅडमला कुठं बोलवत बसू?"

हॉटेलवाले मॅडम कोण म्हणून इकडेतिकडे बघू लागले. मी माठातलं पाणी प्याले.

चारही पिंपांचा मुक्ताने सिरका, म्हणजे व्हिनेगर, केला. त्यासाठी परवानग्या काढल्या, कागद फिरवले, मोठ्या भांड्यांत वाईन उघडी ठेवून तिला विरजण लावलं. हो, सिरक्याला विरजण असतं, ताकाला असतं तसंच. पातळ, गुळगुळीत, जेलीसारखं, वर तरंगणारं. पिंपं मात्र गेली. ओकात भिनलेला ऊद धुऊन निघत नाही. नवी पिंपं येईपर्यंत दोन वर्षं त्या घरात लाल वाईन झालीच नाही. मी भरपाईचा विषय काढला तेव्हा नाना म्हणाले, "एक काम करा. सिरक्याचं लेबल लिवा. अन् खरं लिवा."

मी तीन वाक्यं लिहिली. हा सिरका ठरवून केलेला नाही. याला ऊदाचा वास आहे. चूक हे लेबल लिहिणाऱ्या बाईची आहे. नानांनी ती ऐकली, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि तिसऱ्या वाक्यावर रेघ मारली.

"नाना, हे खरं आहे."

"खरं हाय, मॅडम," ते म्हणाले. "पण बाटली लहान हाय. मावत नाय."

बाटली लहान नव्हती. नानांनी लेबलाबाबत केलेली लबाडी माझ्या माहितीत एवढीच.

नाना गेल्या हिवाळ्यात गेले. शेवटी ते अंथरुणाला खिळले होते, पण नाक शाबूत होतं. मी भेटायला गेले तर उशीवर मान न वळवता म्हणाले, "मॅडम, गजरा." त्या दिवशी मुक्ताने पिंपातली वाईन आणली होती, सबंध तिच्या हातची. नानांना उठवून बसवलं. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, डोळे मिटले. आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी गिळला आणि पेला पुढे केला.

"आनखी दे."

नानींनी मुक्ताकडे पाहिलं. जाणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं? मुक्ताने पेला घेतला, माठापाशी गेली आणि पाणी भरून आणलं. नानांनी ते पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी विसरणार नाही.

"बरोबर," ते म्हणाले, आणि सगळं पाणी प्याले.

तर त्या बरणीत काही मेलेलं नाही, नील. ते मुक्ताने दिलेलं सिरक्याचं विरजण आहे. मी अधूनमधून त्यात थोडी वाईन घालते, थोडा सिरका काढून घेते, त्यात कांदा मुरवते. ऊदाचा वास केव्हाच गेला. नव्या घरात ओट्याच्या डावीकडे खिडकीखाली तिची जागा मी मोजून ठेवली आहे. मुक्ता अजून वर्षाला चार पिंपं भरते आणि एकच घोट देते. बाटलीवर जांभूळ, चिंचोका आणि माठाचं पाणी ही तीन वाक्यं आहेत. बरणीतलं विरजण जिवंत आहे.

— आजी